फुंकवाल्या बाईंचा शनिवार

कारखान्यात आल्या की बाई आधी कुणाशी बोलायच्या नाहीत. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात रुईचे तंतू तरंगायचे, आणि बाई त्यांच्याकडे बघत उभ्या राहायच्या. आजूबाजूला लूम, म्हणजे यंत्रमाग, एवढे धडधडायचे की हाक मारली तरी ऐकू जात नसे. पहिल्यांदा मला वाटलं, ही बाई उभ्या उभ्या झोपते.

त्या मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होत्या. कापसाच्या धुळीनं माणसाचा श्वास कसा बदलतो, हे त्या शोधत होत्या. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. पिशवीत एक नळी असायची. जोरात फुंकलं की तिच्यावरचा काटा सरके; छाती जेवढी मोकळी, तेवढा पुढे. कामाची पाळी सुरू होताना एकदा फुंकायचं, सुटताना एकदा. कामगार त्यांना 'फूंकवाली मॅडम' म्हणत. लूमवरचा करीमभाई तर म्हणायचा, "मॅडम, फूंक फूंक के छाती में हवा ही नहीं बची. अब लूम आप चलाओ." बाई हसायच्या आणि नळी पुढे करायच्या.

मी भिवंडीजवळच्या शेलारची, चौथी पास. कारखान्यात कांड्या भरायचे, म्हणजे धोट्यात बसवायच्या रिळांवर सूत गुंडाळायचे. माझे आकडे सुवाच्य होते म्हणून बाईंनी वही माझ्याकडे दिली. त्या म्हणायच्या, "मावशी, दिसेल तेच लिहायचं. आपल्याला बरं वाटावं म्हणून काही लिहायचं नाही." हे वाक्य त्यांनी शंभरदा तरी ऐकवलं असेल. मी एकदा म्हटलं, "बाई, मी बहिरी न्हाय." तरी सांगायच्या.

बाई दर सोमवारी यायच्या. एसटीतून उतरल्या की केसांवरून हात फिरवायच्या. जाताना त्याच केसांत रुई बसलेली असायची, ती मात्र कधी झटकायच्या नाहीत. म्हणायच्या, "राहू दे, घरी नेऊन बघते." वर्षभर असं चाललं. सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा जवळजवळ सारखाच यायचा.

मग एका सोमवारी त्या तिरिपीकडे न बघता थेट माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "मावशी, वरचे साहेब म्हणतात काम बंद करा. भिवंडीच्या धुळीनं काही होत नाही, असं लिहून द्या म्हणतात. आकडेही तेच सांगतात."

"काय न्हाय होत? करीमभाईला शनवारी जिना चढवत न्हाय."

"शनिवारी?"

"मग? शुक्रवारी लूम बंद. एक दिवस छाती मोकळी ऱ्हाते. शनवारी धूळ आत गेली का गच्च धरते. सोमवारपर्यंत सवय होते. तुम्ही सोमवारीच का येता?"

बाईंच्या पुस्तकात रविवारची सुट्टी होती. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती धरते, हे त्यांना पाठ होतं, म्हणून त्यांनी सोमवार धरला. आमची सुट्टी कधी, हे मात्र विचारलं नाही. आम्हालाही वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाई, त्यांना ठाऊक असणारच.

त्यांनी माझ्याकडची वही घेऊन सोमवारांच्या तारखा चाळल्या. मग म्हणाल्या, "वर्षभर मी चुकीच्या दारात उभी होते."

"आता बरोबर दारात या," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्याच आठवड्यात बाई शुक्रवारी आल्या. मला घेऊन बंद कारखान्यात गेल्या. सगळं एकदम चूप. कानात मात्र धडधड चालूच होती. लुमांवर, दिव्यांवर, माझ्या कांड्यांच्या टोपलीवर रुईचा पांढरा थर. तिरिपीत एकही तंतू हलत नव्हता. बाई हळूच म्हणाल्या, "आज धूळ झोपली आहे." मला हसू आलं, पण मीही आवाज न करता बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करीमभाईनं फुंकलं आणि काटा सकाळच्या आकड्याच्या कितीतरी खाली थांबला. तो काहीतरी थट्टा करायला गेला आणि खोकत बसला. मी दिसला तोच आकडा लिहिला. काम बंद झालं नाही. बाईंनी नवी वही घातली, शनिवार धरून. छापलेल्या कागदात आपली चूक पहिल्याच पानावर घातली, आणि ती शेलारच्या एका कांडीवाल्या मावशीनं दाखवली हेही. कारखान्याच्या शेठनं पुढे धूळ बाहेर खेचणारे पंखे लावले, तेही दोनच. करीमभाईला त्यांचा फायदा झाला नाही. तो गावी गेला आणि तिकडेच वारला.

बाई पंच्याण्णव सालाच्या आसपास वारल्या. मला महिन्यानं कळलं. रडले वगैरे नाही. त्यांची वही काढून आकडे वाचत बसले.

पुढे एकदा एक मुलगी पडघ्याहून मला शोधत आली. वीटभट्टीवरच्या बायकांच्या श्वासाचा अभ्यास करायची, आता शेलारच्या भट्टीवर आली होती. अंगणात बसली, वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, "मावशी, तुमच्याकडे सुट्टी कोणत्या वारी असते?"

मी म्हटलं, "बाईंनी शिकवलं का गं हे?"

"नाही. मी त्यांना कधी पाहिलंच नाही. पण आमच्या कामात सगळे आधी हेच विचारतात."

तिच्या केसांत भट्टीची राख होती. मी हात पुढे केला, आणि मागे घेतला. राहू दे म्हटलं, घरी नेऊन बघेल.