लाल झाकण, निळं झाकण

मी रागीट आहे, हे आधीच सांगते. त्यात जनावरांच्या डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष, प्रबंध अर्धवट आणि कामथडीहून बाईकवर वेल्ह्याच्या डोंगरातली धनगरवस्ती गाठायची. कुणाचंही डोकं तापेल. वस्तीवर एका मावशींच्या शेळ्यांचे डोळे आले होते आणि त्यांच्यावर आमच्या मलमाची चाचणी होती. एका रंगाच्या झाकणाखाली आमचं नवं मलम, दुसऱ्याखाली दुकानात मिळणारं नेहमीचं. कुठलं कशात, ते फक्त माझ्या प्रबंधाच्या सरांना ठाऊक.

निम्म्या शेळ्यांच्या शिंगांना लाल चिंधी, निम्म्यांच्या निळी. "चिंधीच्या रंगाचं झाकण बघूनच मलम घाला, अदलाबदल नको," असं मी दहादा बजावलं. मावशींच्या स्वतःच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, पण काळजी सगळी काळीची. काळी कळपाच्या पुढं चालायची आणि तिच्या डोळ्यावर पांढरं आलं होतं.

"ही आंदळी झाली तर कड्यावरनं जाईल बगा, आन तिच्यामागं समद्या."

काळीच्या शिंगाला निळी चिंधी होती.

आठवड्यानं गेले, तर काळीचा डोळा स्वच्छ! सगळ्याच शेळ्या टकामका बघत होत्या. मी खुशीत ट्यूबा मोजायला घेतल्या. लाल सगळ्या पिळून पिळून चपट्या. निळ्यांतली एकच उघडलेली, बाकीच्या जशाच्या तशा.

"मावशी!" मी ओरडलेच. "निळं का नाही घातलं?"

"लई झोंबतंय त्ये."

"शेळीनं येऊन सांगितलं का?"

"न्हाई गं बाई. म्या आदी माज्या डोळ्यात घालून बगितलं की. दोनी बी."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या वस्तीचे सगळे आकडे बाद! "निदान मोतीबिंदूच्या डोळ्यात तरी घातलंत ना?"

"त्याला काय कळतंय? दिसतंय त्या डोळ्यात घातलं."

 माझा राग कुठल्या कुठं पळाला.

पुढं सरांनी कुठलं मलम कशात ते लिहिलेलं बंद पाकीट फोडलं. निळ्या झाकणाखाली आमचंच मलम होतं. त्या दुपारी मी ते पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यात घातलं. आई गं! नळाखाली डोळा धरून मी नाचले नुसती.

दुसऱ्या दिवशी वस्तीवर गेले. माझा लालभडक डोळा बघून मावशी पदर तोंडाला लावून हसल्या.

"आत्ता झालीस डाक्तरीन," म्हणाल्या.