झुंबरबाई मदिरात होती

लोणावळ्यात स्टेशनामागच्या आळीला एक खोड होती. घरातली गोष्ट घरात शिजायच्या आत शेजारी तिची चव घेऊन झालेली असायची. त्यामुळं झुंबरबाई बोटीनं साता समुद्रापार जाऊन आली, तेव्हा आळीनं आधी तिच्या ट्रंकेकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं. ट्रंकेतून विशेष काही निघालं नाही. तोंडातून मात्र असं काही निघालं की आळीला वर्षभर दुसरं तोंडी लावणं लागलं नाही.

झुंबरबाईला दिली होती लोहगडवाडीत. तापाच्या साथीत नवरा गेला, तशी लहानग्या कस्तुराला कडेवर घेऊन ती लोणावळ्याला भावाकडं आली. भाऊ महिपती रेल्वेत पैंटमन. मनानं मऊ, पण लोकांना फार भिणारा. गाडीला बावटा दाखवतानासुद्धा आजूबाजूला कुणी हसत नाही ना, हे आधी बघून घ्यायचा. भावावर भार नको म्हणून झुंबरबाईनं रेल्वेतल्या एका साहेबाच्या बंगल्यावर पोरं सांभाळायचं काम धरलं.

साहेबाची मडम खोकल्यानं बेजार होती. पावसाळ्यात वाळत टाकलेलं लुगडं लोणावळ्यात दिवाळीला वाळतं. तिथं मडमेची छाती काय वाळणार? डॉक्टर म्हणाला, विलायतेला न्या. विलायतेत धुकं. तिथला डॉक्टर म्हणाला, अजून लांब न्या. समुद्रात एक डोंगराळ बेट आहे, तिथं धड उन्हाळा नाही की धड हिवाळा नाही. मडम निघाली, मडमेची तान्ही पोर निघाली, आणि पोर झुंबरबाईशिवाय कुणाकडं ठरत नव्हती म्हणून झुंबरबाई निघाली.

त्या बेटाचं नाव मदिरा.

बेटावरच्या शहराला वेगळं नाव होतं, फुंशाल. पण पुढचा दात पडल्यापासून झुंबरबाईनं फुंशाल म्हटलं की शिट्टी वाजायची, आणि बाईमाणसानं शिट्टी वाजवलेली आळीला खपली नसती. म्हणून ती बेटाचंच नाव घ्यायची. तेव्हा पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं खापर फोडायचंच तर त्या दातावर फोडावं.

मडम बरी होऊन विलायतेत राहिली, झुंबरबाई परत आली. आळीत दारूला सरळ दारू म्हणत. मदिरा हा शब्द कुणाच्या कानावर नव्हता. त्यामुळं पहिले काही दिवस झुंबरबाईनं विहिरीवर मनमोकळं सांगून टाकलं.

"मदिरात पयल्या दिशी लय हाल झाले बग. पाय नुसतं लटपटत व्हते. जमीन खालीवर व्हतीया आसं वाटायचं. भिंतीला धरून चालले."

बोटीतून उतरणाऱ्या कुणालाही असं होतं. पण विहिरीवर बोटीतून उतरलेलं दुसरं होतं कोण?

"आन तितल्या बैलगाड्यांना चाकंच न्हाईत. नुसती घसरती गाडी. वर छत, बाजूनं पडदं, आन आत मडम. आन डोंगरावरनं खाली यायचं तर टोपलीत बसायचं. पांढऱ्या कापडातली दोन माणसं मागनं दोऱ्या धरत्यात, आन टोपली सुटती खाली. मी डोळं मिटलं ते एकवीरा आईचं नाव घेत पार पायथ्याला उघडलं."

बायका हसायच्या आणि घागर भरली तरी थांबायच्या. शेजारची बयाबाई तेवढी हसायची नाही. ती साठवून ठेवायची.

घात झाला तो रामाच्या देवळात. पोथी चालली होती, आणि बुवा यादव मदिरेच्या पायी कसे बुडाले ते सांगत होते. कुणीतरी बारीक आवाजात विचारलं, मदिरा म्हंजी काय वो? बुवा म्हणाले, "मदिरा म्हणजे दारू, मायबाप." बायकांच्या बाजूची एकेक मान वळत वळत झुंबरबाईवर येऊन थांबली. बयाबाईनं पदर तोंडाला लावला. पण तो काही लाजेनं लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या गोष्टी नव्यानं मांडून झाल्या. पाय लटपटणं, जमीन हलणं, भिंतीला धरून चालणं, बिनचाकाच्या गाड्या. "पिल्याबिगर ह्यातलं एक तरी दिसंल का गं?" बयाबाईनं विचारलं. दिसणार नाही, असं एकमतानं ठरलं.

झुंबरबाईनं समजवायला जाऊन आणखी घाण केली. "अगं, गावाचं नाव हाय त्ये. आता तितं द्राक्षाची दारू करत्यात आन तिलाबी मदिराच म्हणत्यात, पर त्ये निराळं." एवढं ऐकल्यावर निराळं काही उरलंच नाही. वर ती म्हणाली, "मला मेलीला कुटली दारू? मी तर ऐतवारी सुट्टी गावली की पाटावर जायची."

पाट म्हणजे पाण्याचा पाट. त्या बेटावर डोंगराच्या कडेकडेनं दगडी पाट काढलेत आणि त्यांच्या काठानं माणसं फिरतात. पण मावळात विधवा बाईनं दुसरा घरोबा केला तरी त्याला पाटच म्हणतात. दिवेलागणीच्या आत बयाबाईनं घरोघरी पोचतं केलं, "पिलीबी, आन वर पाटबी लावला."

आळी आपली हसून दुसऱ्या विषयाकडं वळली असती. पण नेमकं त्याच सुमाराला कस्तुराचं लग्न ठरत होतं.

स्थळ टाकवे बुद्रुकचं. मुलगा सोपान, घरची भाताची खाचरं. सोपानचा बाप हौशीराम, गळ्यात माळ, दारूचं नाव निघालं तरी चूळ भरणारा. आणि जीव सगळा बैलांवर. आई अंबूबाई. ती बोलते की नाही, हे टाकव्यातसुद्धा फार जणांना ठाऊक नव्हतं. कस्तुरानं सोपानला कार्ल्याच्या जत्रेत एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हापासून ती भाकरी करपवत होती.

बातमी टाकव्याला पोचलीच. हौशीरामाचा निरोप आला, समक्ष येऊन इचारतो.

महिपतीच्या तोंडचं पाणी पळालं. "आक्का, तू विलायतेला गेलते म्हण. विलायतेत व्हतीस का न्हाई?"

"व्हते की."

"मग ह्यात खोटं काय? मदिराचं नाव काडू नगंस. पोरीच्या जल्माचा सवाल हाय."

झुंबरबाईनं चुलीकडं बघितलं. कस्तुरा तव्यावरची भाकरी सोडून दाराबाहेर बघत होती आणि भाकरीचा धूर निघत होता. "न्हाई काडत," झुंबरबाई म्हणाली.

ठरल्या दिवशी हौशीरामाची गाडी आली. त्यानं आधी बैल जांभळाखाली सावलीला बांधले, त्यांच्यापुढं वैरण टाकली, मग माणसांना रामराम केला. आत येऊन बसला. अंबूबाई डोक्यावर पदर सारखा करून भिंतीशी टेकली. कस्तुराच्या हातचा चहा झाला. कस्तुरा दाराआड गेली, पण फार आत गेली नाही.

"विलायतेत काय बगितलं बाई?" हौशीरामानं विचारलं.

"धुकं."

"आन दुसरं?"

"दुसरं दिसाया धुकं जावं लागतं. ते गेलंच न्हाई."

महिपती एकटाच मोठ्यानं हसला.

हौशीरामानं कप खाली ठेवला. "बाई, मी आडपडदा ठेवत न्हाई. लोकं म्हणत्यात, तुमी मदिरात व्हता. माज्या गळ्यात माळ हाय. तुमी निस्तं येवडं म्हना, की मी मदिरात गेले नव्हते. लोकांचं मी बगून घेतो. आत्ता सुपारी फोडू."

एवढं सोपं होतं. महिपती डोळ्यांनी विनवत होता. दाराआड बांगडी वाजली. झुंबरबाईनं म्हणायला तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांपुढं तो ऐतवार आला.

त्या दिवशी ती पाटाच्या पाण्याबरोबर एकटी चालत खाली आली होती. डोंगरउताराला मावळासारखीच पायरी-पायरीची शेतं, पण भाताऐवजी ऊस आणि केळी, आणि पार खाली निळा समुद्र. ऊन कोवळं होतं. समोरून येणारी माणसं टोपीला हात लावून पुढं जात. तिला कुणी ओळखत नव्हतं. ही कुणाची बायको, कुणाची विधवा, हे कुणालाच माहीत नव्हतं. शहरात देवळापाशी, त्यांच्या क्रुसाच्या देवळापाशी, पट्ट्यापट्ट्यांचा लाल घागरा नेसलेली एक म्हातारी फुलं विकत बसली होती. तिनं काहीतरी म्हणून एक पांढरं फूल उचललं, आणि झुंबरबाई नको म्हणायच्या आत तिच्या अंबाड्यात खोवलं.

नवरा गेल्यापासून त्या अंबाड्याला फूल लागलं नव्हतं. झुंबरबाईचा हात ते काढायला वर गेला. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कुणीच बघत नव्हतं. हात खाली आला. मग ती फुलासकट सगळं शहर हिंडली. बाजारात काळे, लांबलचक, दात विचकलेले मासे बघितले. उंबऱ्यावर बसून पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानं वेलबुट्टी काढणाऱ्या बायकांपाशी थांबली. एकीनं तिला बसायला जागा करून दिली. संध्याकाळी मडमेच्या दारात पोचली तरी फूल जागेवर होतं.

मदिरात गेलेच नव्हते म्हटलं, तर ते फूलही नव्हतंच.

"गेलते," झुंबरबाई म्हणाली.

महिपतीनं डोळे मिटले.

"दिवाळीपासनं शिमग्यापत्तुर व्हते. खोकला झाला तवा तितल्या डागदरानं चमचाभर दारू पाजली, ती थुकले. तेवडीच काय ती माजी दारू. आता गावाचं नाव मदिरा, त्याला मी काय करू आबा? तुमच्या गावाचं नाव टाकवे. तुमी काय सोयऱ्यांना टाकता व्हय?"

भिंतीकडून एक बारीक आवाज आला. अंबूबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

हौशीराम हसला नाही. "आन बिनचाकाची गाडी? बैल दगडावरनं वढतो म्हनं. हे शुदीतल्या माणसाला दिसंल?"

"खाचरात चिखुल सपाट करताना तुमी बैलामागं फळीवर हुबं ऱ्हाता. तिला चाकं असत्यात?"

हौशीरामानं बसल्या जागी तळहात जमिनीवर घासून बघितला. मग म्हणाला, "चिखलात घसरतं त्ये. दगडावर कसं घसरंल?"

"गाडीवाला तेलाचा बोळा टाकतो रस्त्यावर, फळ्यांखाली."

"मंग बैलाचा पाय न्हाई घसरत?"

"बैल पुढं गेलेलं असत्यात. तेल मागं."

हे काही त्याला विचारायचं नव्हतं. पण एकदा बैलाची गोष्ट निघाल्यावर हौशीरामाला धरून कोण ठेवणार? तो गुडघ्यावर पुढं सरकला. "खांदा कसा हाय बैलांचा?"

"अंगानं दांडगं. पर वशिंड न्हाई."

"वशिंड न्हाई?"

"पाठ सपाट, म्हशीवानी. जू मानंवर पट्ट्यानं बांदत्यात."

हौशीरामानं दारातून जांभळाखाली बघितलं. त्याचे बैल वैरण खात उभे होते, दोघांची वशिंडं ऐटीत एका बाजूला कललेली. त्याचा चेहरा उतरला. "बिनवशिंडाची," तो म्हणाला. "आन वर चढावर वढायचं. बिचारी."

झालं. ज्यांची कीव केली, ते बैल खोटे कसे म्हणणार? बैल खरे, म्हणजे गाडी खरी; गाडी खरी, म्हणजे गाव खरं. हे हौशीरामाच्या ध्यानात येईपर्यंत वेळ गेला, आणि तेवढ्यात अंबूबाई बोलली. सगळे दचकले. तिचा नवरा सर्वांत जास्त.

"फुलं असत्यात का वो तितं?"

"भिंती दिसत न्हाईत इतकी."

"बाया डोक्यात माळत्यात?"

महिपतीनं बहिणीकडं बघितलं. आता कुठं गाडी रुळावर आली होती. झुंबरबाई खाली बघत म्हणाली, "त्यांचं ठाव न्हाई. माज्या डोक्यात घातलं एकीनं. मी काडलं न्हाई."

अंबूबाई तिच्याकडं बघत राहिली. तिनं स्वतःच्या अंबाड्यातल्या शेवंतीला उगाच हात लावून बघितला. मग नवऱ्याला म्हणाली, "सुपारी फोडा. बैलं कवाची हुबी हायती."

लग्न झालं. हौशीराम टाकव्याच्या पारावर बिनवशिंडाच्या बैलांची गोष्ट सांगू लागला, आणि दरवेळी सुरुवात अशी करी, "आमच्या ईनबाई मदिरात व्हत्या तवा." लोक त्याच्या गळ्यातल्या माळेकडं बघून खाली माना घालत. त्याला त्याचं काही वाटत नसे. सोपानच्या घरी कस्तुराच्या भाकरी आता करपत नव्हत्या, असं तिची सासू म्हणायची. पण सासू मुळात बोलायचीच इतकं कमी की पुरावा म्हणून ते धरता येत नाही.

दिवाळी झाल्यावर झुंबरबाई लेकीला भेटायला गेली. निघायच्या वेळी अंबूबाईनं तिला परसात बोलावलं. तिथं शेवंतीचे वाफे फुलले होते. परसाला उंच कुंपण होतं, पलीकडं खाचरं, आणि त्या वेळी खाचरात कुणी नव्हतं. अंबूबाईनं एक पिवळं फूल खुडलं, झुंबरबाईला पाठमोरी केली आणि अंबाड्यात खोवलं.

"हितं मदिराच समजा, ईनबाई," ती म्हणाली.

कान्हे स्टेशनावरून गाडीनं झुंबरबाई परत आली, ती डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून. ऊन चांगलं तापलं होतं, पण पदर तसूभर मागं सरकला नाही. विहिरीवर बयाबाई उभीच होती. तिची नजर पदरावर गेली, पदराखालच्या फुगवट्यावर गेली आणि तिथंच अडकली.

"झुंबर, कुटं गेलतीस गं?"

"मदिरात," झुंबरबाई म्हणाली, आणि घराकडं चालू लागली.