मोरीचा आकडा

लॉज आणि वसतिगृहांच्या चादरी धुणाऱ्या सहकारी संस्थेच्या तीन शाखा होत्या. डाग राहिल्यामुळे हजारात किती चादरी दुसऱ्यांदा धुवाव्या लागल्या, हे दर महिन्याला फळ्यावर लिहायची रीत होती. पहिल्या शाखेचा दोनचा आकडा अकरा वर्षे हलला नव्हता. तिथल्या प्रमुखबाईंना सगळे डागकाकू म्हणत. सतराच्या आकड्याने तळाशी बसलेली तिसरी शाखा त्यांच्या लेकीकडे होती.

या वर्षी शेवटची शाखा बंद करायचे ठरले. त्याआधी शेवटच्यांनी पहिल्यांकडून शिकावे, म्हणून लेकीला आठवडाभर आईच्या शाखेत धाडले.

लेक वही घेऊन आली. तिने साबण मोजला, पाणी मोजले, मशीनचे फेरे मोजले. सगळे तिच्या शाखेतल्यासारखेच निघाले. कामावरच्या बायकांना विचारले, तर त्या म्हणाल्या, काकूंच्या हाताला गुण आहे. वहीत गुणाचा रकाना नव्हता. शनिवारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. जेवलीस का, असे आईने दोनदा विचारले. लेक दोन्ही वेळा खोटे बोलली आणि आईला दोन्ही वेळा कळले.

डागकाकू रोज फुगलेली पिशवी घेऊन घरी जात. भाजी असेल, असा सर्वांचा समज होता. एकट्या बाईला एवढी भाजी कशाला, हे कोणाच्या मनात आले नाही.

सोमवारी बैठकीत अध्यक्षांनी तिसऱ्या शाखेचे नाव घेताच काकू उभ्या राहिल्या.

"फळ्यावर एक ओळ वाढवा. माझी मोरी. कोणता डाग मशीनला दाद देणार नाही, ते मला बघूनच कळतं. त्या चादरी मी मशीनला न लावता घरी नेते. त्या धरल्या तर माझे एकोणीस होतात."

पहिल्या महिन्यात नोकरी टिकावी म्हणून केले होते, असे त्यांनी सांगितले. मग आकड्याला धक्का लावायचा धीर झाला नाही.

नियमाप्रमाणे आता पहिली शाखा बंद व्हायला हवी होती. अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग तोच पुन्हा पुसला.

लेकीने वही उघडली. "मोरीत किती चादरी दुसऱ्यांदा धुवाव्या लागतात?"

"एकही नाही. रक्ताचा, अंड्याचा डाग आधी थंड पाण्यात भिजवायचा. गरम पाण्याने तो पक्का बसतो. तुला लहानपणापासून सांगतेय."

शाखा बंद करण्याचा ठराव बाजूला राहिला. तिन्ही शाखांत मशीनशेजारी थंड पाण्याची टाकी आली. त्या महिन्यात फळ्यावर पहिला नंबर मोरीचा लागला.

त्या सोमवारी बैठक संपल्यावर लेकीने आईची पिशवी उचलली. त्या दिवशी तीत खरोखरच भाजी होती.