वाघाटीची साक्ष

मियाओलीच्या डोंगराखाली राहणाऱ्या आमच्या खिममोईचं एका वाघाटीशी उभं वैर. घरच्या मांजराएवढी रानमांजर ती, पण रुबाब वाघाचा! खिममोईच्या कोंबड्या पळवायची. मी बाई असूनही आमच्या हक्का लोकांच्या नाटकमंडळीत जन्मभर सेनापती रंगवला, म्हणून खिममोईनं लाडक्या कोंबड्याचं नावच ‘सेनापती’ ठेवलं होतं. देवळाच्या उत्सवात उरलेले फटाके ती मागून आणी आणि रोज तिन्हीसांजेला घरामागच्या बांबूच्या बनाकडे उडवी.

सरकारचा नवा रस्ता नेमका त्याच बनातून जायचा होता. बन जाणार, आणि नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बांधलेलं तिचं घरही जाणार. वाघाटी दुर्मीळ म्हणून संरक्षित; बनात ती सापडली तरच रस्ता वळणार होता.

देवळाच्या अंगणात रस्त्याच्या समितीची सुनावणी भरली. पाहणी करणाऱ्या फानबाईंनी अहवाल वाचला, “बनात महिनाभर कॅमेरे लावले. वाघाटी आढळली नाही. तेव्हा रस्त्यानं तिच्या अधिवासाला धोका नाही.”

खिममोई ताडकन उठली. “मग माझ्या कोंबड्या काय तुम्ही खाल्ल्या, बाई?”

फानबाईंनाही हसू फुटलं. “मावशी, एकही फोटो नाही हो मिळाला. संध्याकाळी मी कॅमेरे बघायला यायचे, तेव्हा फटाके तेवढे ऐकू यायचे.”

सगळ्या माना खिममोईकडे वळल्या. एवढ्या नजरा मला रंगभूमीवरसुद्धा कधी लाभल्या नाहीत.

“अगं बाई! मीच हाकलली की तिला!”

अध्यक्षांनी पाहणी पुन्हा करायला सांगितली. फटाके बंद, आमिषही नाही.

“ताई, माझ्या सेनापतीचं कसं गं?” खिममोईनं मला विचारलं.

“खुराड्यात कोंड.”

“राहतोय तो कोंडून! झाडावर बसून बांग देतो. तुझंच नाव लावलंय ना!”

पुढच्याच महिन्यात फानबाई फोटो नाचवत आल्या. वाघाटी ऐटीत बनात शिरत होती, मागे दोन पिल्लं, आणि तोंडात सेनापती!

खिममोई रडली, मग पिल्लं पाहून हसली. “मेलीचा संसारच आहे की इथं.”

“रडू नकोस,” मी म्हटलं, “मुख्य भूमिकेतच गेला तो.”

पिल्लं वाढवायची जागा म्हटल्यावर समितीनं रस्ता नदीपलीकडे वळवला. घर राहिलं. आता तिन्हीसांजेला खिममोई खुराड्याची कडी लावते आणि बनाकडे तोंड करून ओरडते, “ए भवाने, आज उपाशी झोप!”

नव्या कोंबड्याचं नाव तिनं ‘विदूषक’ ठेवलंय.

“हा निदान पळेल तरी,” म्हणते.