जांभळी काच निळी का दिसली

आमचे धाकटे भाऊजी काचेच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसतात. वाळू, सोडा, चुना, रंगाची पूड, सगळं त्यांच्या हातून मोजून मगच भट्टीत जातं. सव्वीस वर्षं झाली. "वहिनी, शिसं घातलं की काच जड होते आणि प्रकाश जास्त वाकवते. वाळूत लोखंड चिमूटभर जास्त असलं की हिरवी पडते," असं ते जेवताना सांगतात, आणि मी वाढायची विसरते. चहात साखर घालतानाही चमच्याचा माथा बोटाने सपाट करतात. जाऊबाई म्हणते, "माझ्याशी बोलतातही तोलूनच!"

मागच्या आठवड्यात मात्र ते भरल्या ताटावरून उठले. भट्टीपुढे काम करणाऱ्यांच्या चष्म्यांसाठी एका गिऱ्हाइकाला फिकट जांभळी काच हवी होती. त्यासाठी निओडिमियम नावाची पूड पहिल्यांदाच आली. काच ओतली, तपासणीच्या खोलीत गेली, तर निळी! निळा रंग कोबाल्टचा, आणि कोबाल्टचा डबा शेजारीच. मॅनेजरसाहेबांनी ठरवून टाकलं, चमचा न पुसता वापरला. भाऊजींना काट्यावरून उठवून खोकी बांधायला बसवलं.

"मी पुसला होता," ते म्हणाले. मग हात धुता धुता, "पुसला असणार."

ते 'असणार' मला खटकलं. हा माणूस कधी अंदाजे बोलत नाही.

त्या काचेचा एक तुकडा ते घरी घेऊन आले होते, तो कागदात गुंडाळलेलाच पडून होता. आज सकाळी मी तो देवापुढे ठेवला. म्हटलं, खरंखोटं तूच बघ. डोळे उघडले तर दिव्याच्या उजेडात तुकडा जांभळा! स्वयंपाकघरात ट्यूबखाली नेला, निळा. परत देवाशी, जांभळा.

"ताई, सकाळी सकाळी कसल्या येरझाऱ्या?" जाऊबाईने विचारलं.

"माझे डोळे ठिकाणावर आहेत का, ते बघतेय." मग भाऊजींना हाक मारली. "तुमच्या तपासणीच्या खोलीत दिवा कसला हो?"

"गेल्या महिन्यात ट्यूब लावल्या. आधी बल्ब होते. का?"

मी तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनीही दोन फेऱ्या मारल्या, मग तुकडा खिडकीशी उजेडात धरला.

"डब्यावरच्या कागदात होतं, ही पूड पिवळा प्रकाश गिळते," ते हळूच म्हणाले. "उन्हात, तेलाच्या दिव्यात सगळे रंग असतात. पिवळा गेला की जांभळट उरतं. ट्यूबमध्ये मुळात मोजकेच रंग, त्यातला पिवळा गेला की उरतो निळा."

"साहेबांना पटेल?"

"गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना साहेबांच्या खिडकीत आहे. तोच ट्यूबखाली धरायला लावतो. तो जांभळाच राहिला, तर चूक माझी."

चहा न घेताच गेले. दिवसभर माझ्या तोंडी देवाचं नाव आणि डोक्यात तो नमुना.

संध्याकाळी दार उघडताच जाऊबाईने विचारलं, "काय झालं?"

"नमुनाही निळा झाला."

"आणि साहेब?"

"नमुना घेऊन स्वतःच तीनदा खिडकीपाशी जाऊन आले. उद्यापासून मी काट्यावर."

रात्री जेवताना मला राहवेना. "पण मग भाऊजी, या काचेचा खरा रंग कोणता म्हणायचा?"

त्यांनी घास तसाच हातात धरला. "ते मात्र मला सांगता येणार नाही, वहिनी."

"आधी जेवा," जाऊबाई म्हणाली.