गाडीच्या मापाचं दार

मला उचलून नेणाऱ्या माणसांचा मला फार राग यायचा. हा कृतघ्नपणा वाटेल, तर वाटू दे. आठव्या वर्षी मला ताप आला आणि जाताना दोन्ही पायांतली ताकद घेऊन गेला. त्यानंतर चार वर्षं मी पनवेल पाहिलं ते आईच्या कडेवरून, काकांच्या पाठीवरून. उचलणारा प्रत्येक जण खाली ठेवताना "जड झालीस हो," असं म्हणायचाच. मी जेवण कमी करून पाहिलं, तरी जड होतच गेले. बाराव्या वर्षी आईची कंबर धरली, काका मुंबईला गिरणीत लागले आणि माझी शाळा बंद पडली.

मला मास्तरीण व्हायचं होतं. बसून करता येईल आणि तरीही सगळ्या वर्गाला उभं करता येईल, असं तेवढं एकच काम मला ठाऊक होतं. त्या काळी सातवीची परीक्षा पास झालं की ते काम मिळायचं. पण हेडमास्तरांचा निरोप आला की, मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवसापासून मी हजर राहिले नाही, तर माझं नाव कमी होईल; आणि नाव कमी झालं की परीक्षाही गेली. नातेवाइकांना यात काही वावगं वाटलं नाही. घरात बसून वाती वळेल, म्हणाले. वाती मला वळता येत नव्हत्या आणि शिकायच्याही नव्हत्या.

माझे बाबा बैलगाडीची चाकं करायचे. पनवेलची चाकं न्यायला तेव्हा घाटावरूनही लोक यायचे. मुलखाला चाकं पुरवणाऱ्या माणसाची मुलगी घरात भिंतीला टेकून बसली आहे, याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. एक दिवस मीच म्हटलं, "बाबा, मला गाडी करून द्या."

"गाडीला बैल लागतात," बाबा म्हणाले.

"बैलाला चार पाय असून तुम्ही त्याला दोन चाकं देता. मला एकही धड नाही, तर मला काहीच नाही?"

आई म्हणाली, काय हे बोलणं! पण दुसऱ्या दिवशी बाबा सुतळी घेऊन आले आणि माझं माप घ्यायला बसले. बसल्यावर माझी उंची किती, हात कुठवर पोचतो, पाय किती लांब ठेवावे लागतात, सगळं त्यांनी सुतळीला गाठी मारून मोजलं. माझ्या पायांकडे कोणी हळहळल्याशिवाय पाहिलं, असं ते पहिल्यांदाच घडलं.

गाडी ढकलणार कोण, हा प्रश्न बाबांनी काढला. मला ढकलणारं कोणीही नको होतं. बंदरावर मी पाहिलं होतं, ओहोटीला खाडीचं पाणी उतरलं की कोळी लांब बांबू गाळात टेकवून होडी रेटत नेतात. मी दोन बांबू मागितले. बाबांनी त्यांच्या टोकांना लोखंडी टोप बसवले, गाडीच्या पुढे वळणारं एक लहानसं तिसरं चाक लावलं. मोठ्या चाकांवर लोखंडी कडं, म्हणजे धाव, बसवायची तेव्हा ती लालभडक तापवतात, चाकावर ठोकतात आणि लगेच पाणी ओततात, म्हणजे ती आवळून घट्ट बसते. त्या दिवशी पाणी मी ओतलं. वाफेने डोळे चुरचुरले, तरी मी तांब्या सोडला नाही.

सगळं मापून केलं, आणि एकच गोष्ट बाबांनी मापली नाही. दोन चाकांमधलं अंतर. त्यासाठी बाबांच्या कारखान्यात खैराची एक काठी टांगलेली असायची, आजोबांच्या वेळची. प्रत्येक गाडीचा आस, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, त्याच काठीने मापायचा, कारण रस्त्यावर वर्षानुवर्षं गाड्या जाऊन खोल चाकोऱ्या पडलेल्या असत आणि त्यांत बसली तरच गाडी सरळ चालायची. बाबांचा हात सवयीने त्या काठीकडे गेला. गाडी बारा वर्षांच्या मुलीची, आणि रुंदी चांगली दहा पोती भात वाहणाऱ्या गाडीची!

घराच्या दारातून ती आत येईना, तेव्हा आई कपाळाला हात लावून हसली. मला मुळीच हसू आलं नाही. शाळा उघडली त्या दिवशी मी अंगणातच तिच्यात बसले. रीतीप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फुटला, आणि मी बांबू टेकवून जोर लावला. चाकं चाकोरीत उतरली आणि गाडी सुरेख चालू लागली. वळवायला नको, सावरायला नको, नुसतं रेटत राहायचं. जिथे बैलगाडी जाते तिथे मी जाऊ शकत होते. बाजारातून एकटी जाताना मी मुद्दामच इकडेतिकडे पाहिलं नाही, पण सगळे माझ्याकडे पाहताहेत हे मला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा मला मनापासून आनंद होत होता.

शाळेच्या फाटकाशी मी गाडी वळवली आणि डावं चाक धाडकन दगडी खांबावर आपटलं. फाटकाला दोन दगडी खांब होते आणि गाडी त्यांच्यामधल्या जागेपेक्षा वीतभर रुंद होती. माझं तोंड शाळेत आणि मागची चाकं रस्त्यावर, अशी मी आडवी अडकले. पोरं खिदळली. हेडमास्तर बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता.

"शिपायाला सांगतो, तो उचलून आत आणील," ते म्हणाले.

"नको."

"नको म्हणजे?"

"शिपाई रजेवर गेला की मीपण रजेवर. मला पोत्यासारखं न्यायचं नाही. मी माझी आले, माझी आत जाईन."

"मग गाडी घरी ने आणि लहान करून आण."

तोवर मागे भाताच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या. रस्ता अरुंद, चाकोऱ्या खोल, बाजूने काढायला जागा नाही. जासईकडचा एक म्हातारा गाडीवान उतरून पुढे आला.

"काय गो पोरी, वाटंत का उभी रायलीस? आमी कवा जायाचं?"

"मास्तर आत घेत नाहीत," मी सांगितलं. ते अर्धंच खरं होतं, पण मी तेवढंच सांगितलं.

कोणीतरी बाबांना बोलावून आणलं. त्यांनी खांब पाहिला, आस पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे," ते हेडमास्तरांना म्हणाले. "मापात चुकलो. आस कापून देतो, उद्या आणतो."

त्या क्षणी मला बाबांचा जेवढा राग आला तेवढा तापाचाही कधी आला नव्हता. "आस कापायचा नाही!" मी ओरडले. "कापला तर एक चाक चाकोरीत जाईल, एक वर राहील. मी रस्त्यातच कलंडेन. मग फाटकापर्यंत येणार कशी? गाडी बरोबर आहे. खांब चुकलाय."

म्हातारा गाडीवान खाली वाकला, आपल्या गाडीची रुंदी आणि माझ्या गाडीची रुंदी त्याने नजरेनेच ताडली. "पोरगी खोटं नाय बोलत," तो म्हणाला. "माप बराबर हाय. मास्तर, तो दगड काढा."

"असा कसा काढणार? वरून परवानगी लागते."

"परवानगी तुमी मागवा. आमी तवर दगड काढतो."

आणि खरंच काढला. गाड्या खोळंबल्या होत्या, प्रत्येकाला घाई होती. कोणी पहार आणली, कोणी खणलं, एकाने बैल जुंपले. बाबा आधी नुसते बघत उभे होते, मग त्यांनीही हात लावला. खांब हातभर सरकून उभा राहिला, जरा वाकडाच. मी बांबू टेकवले आणि आत गेले. वर्गाला दोन पायऱ्या होत्या. मी व्हरांड्याशी गाडी लावली आणि म्हटलं, मी इथे आहे, माझी हजेरी घ्या. हेडमास्तर हजेरीचं पुस्तक घेऊन बाहेर आले. त्यांच्या मागून वर्गही आला आणि ते वर्षभर आमची सातवी व्हरांड्यातच भरली.

मी पास झाले. पुढे त्याच शाळेत मास्तरीण झाले. बाबा लोकांना सांगायचे की ती रुंदी त्यांनी मुद्दामच ठेवली होती. मी कधी खोडून काढलं नाही.

काही वर्षांनी शाळेला नवा वर्ग बांधायचं ठरलं आणि दाराचं काम बाबांकडे आलं. नवे हेडमास्तर नेहमीच्या दाराचं माप लिहिलेला कागद घेऊन कारखान्यात आले. मीही तिथेच होते. बाबांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि भिंतीवरची खैराची काठी काढली.

"एवढं मोठं दार?" हेडमास्तर म्हणाले. "यातून काय बैलगाडी न्यायची आहे?"

"हो," बाबा म्हणाले. "आणि पायऱ्या करायच्या नाहीत, उतार करायचा."

त्या वर्गात मी पुष्कळ वर्षं शिकवलं. पावसाळ्यात त्या दारातून झड आत यायची, पुढची रांग भिजायची, आणि दर वर्षी कोणीतरी दार लहान करून घ्यायचा अर्ज माझ्या टेबलावर आणून ठेवायचं. मी मुलांना मागे सरकून बसायला सांगायचे आणि त्या अर्जाने टेबलावरचं पाणी पुसायचे.