मागे घेतलेल्या दुरुस्त्या

राज्यशास्त्र विभागात सगळे विद्यार्थी तिला काकूच म्हणत. लेकीचं लग्न उरकून, नोकरी सोडून पीएच.डी.ला बसलेली बाई. बरोबरची पोरं लेकीहून लहान. लिहिताना स्वल्पविरामसुद्धा तपासून घेणारी.

तिच्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता. कायदे खरोखर संसदेत घडतात, की मंत्रालयात शिजून येतात आणि सभासद नुसते हात वर करतात? त्यासाठी तिने सभागृहाच्या कामकाजाचे छापील खंड पिंजून काढले. सभासदाने सुचवलेली दुरुस्ती मंजूर झाली तर यश. फेटाळली गेली किंवा त्याने मागे घेतली तर अपयश. यश औषधालाही सापडेना. निष्कर्ष ठणठणीत निघाला: संसद म्हणजे नुसता शिक्का.

तोंडी परीक्षेच्या सकाळी, सुरुवातीला सांगायला एखादा मासला हवा म्हणून तिने खाणींच्या सुरक्षेवरची चर्चा पुन्हा उघडली. विरोधी बाकावरच्या एकाने दुरुस्ती मांडली होती. मंत्री म्हणाले होते, "मुद्दा रास्त आहे. आपण मागे घ्या, मी बघतो." त्याने मागे घेतली. एरवी काकू इथेच थांबायची. आज ती पुढे वाचत गेली. पुढच्या बैठकीत तीच दुरुस्ती, शब्दाला शब्द, मंत्र्यांनी स्वतःच्या नावावर आणली होती, आणि ती मंजूर झाली होती.

घाईघाईने तिने दुसरं विधेयक काढलं, मग तिसरं. तिथेही तोच प्रकार.

ती तडक मार्गदर्शक सरांच्या खोलीत गेली. सगळं ऐकून सरांनी दार लावलं.

"कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलूही नका. परीक्षक बाई आल्यात, चहा घेतायत. आधी पदवी पदरात पाडून घ्या, मग लिहा की सावकाश नवा लेख."

"पण सर, निष्कर्षच चुकलाय."

"मी या महिन्यात निवृत्त होतोय. आज अडलं तर नवा मार्गदर्शक शोधावा लागेल. या वयात कोण घेणार हो तुम्हाला, काकू?"

सरांनी तिला काकू म्हणायची ही पहिलीच वेळ. ती बाहेर पडली.

परीक्षा विलक्षण सोपी गेली. मागच्या बाकावर तिचा नवरा ताठ बसून होता. परीक्षक बाईंनी कौतुकाने प्रबंध मिटला. "छान. पुस्तक करा याचं." सर खुर्चीत सैलावले.

"एक सांगायचं राहिलंय," काकू म्हणाली. सरांनी डोळे मिटून घेतले.

तिने खाणींची चर्चा वाचून दाखवली. परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "अशा किती?"

"अजून मोजल्या नाहीत. पण मुख्य प्रकरण उभं राहत नाही."

"वाचताना हे माझ्याही ध्यानात यायला हवं होतं," त्या पुटपुटल्या. तरी अहवालात त्यांनी लिहायचं तेच लिहिलं: प्रकरण नव्याने लिहून प्रबंध पुन्हा सादर करावा.

जिन्यात सर तिच्याकडे न बघता शेजारून उतरून गेले. नवरा पिशवी सावरत आला.

"पंचाईत झाली गं. त्यांनी कौतुक केलं तेव्हाच मी लेकीला कळवून टाकलं, आई डॉक्टर झाली म्हणून."

"मग आता कळवा," काकू कठडा धरून म्हणाली, "अजून व्हायचीय."